डोंगरातल्या लॉखावरचा ब्राउन ट्राउट: फ्लाय फिशिंगची पहिली पावलं

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला असिंट नावाचा प्रदेश आहे. त्याचा तपशीलवार नकाशा टेबलावर पसरला की पहिल्यांदा नजरेत भरतात ते निळे ठिपके. काही मैलभर लांब, काही क्रिकेटच्या मैदानाएवढे, काही इतके लहान की त्यांना नावच नाही. इथे तळ्याला लॉख म्हणतात, लहानशा तळ्याला लॉखन. असिंटमध्ये अशी शेकडो लॉखं आहेत आणि बहुतेकांपर्यंत गाडीरस्ता जात नाही. सूलव्हन, कॅनिस्प, क्विनाग हे एकेकटे उभे असलेले डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी खडक, दलदल, हेदरची झुडपं आणि पाणी, एवढाच इथला मुलूख.

या पाण्यांत जंगली ब्राउन ट्राउट राहतो. हिमयुग संपल्यावर, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, समुद्रातून नद्या-ओढे चढून आलेल्या माशांचा हा वंश. पुढे काही ठिकाणी माणसांनीही मासे नेऊन सोडले, पण डोंगरातल्या बऱ्याच लॉखांत आजही तो आपला आपण जन्मतो, वाढतो आणि मरतो. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन लॉखांतले मासे दिसायला वेगळे असू शकतात. एकीकडे सोनेरी पोटाचा आणि मोजक्या लाल ठिपक्यांचा, तर टेकडीपलीकडच्या काळ्या पाण्यात जवळजवळ तपकिरी-काळा.

ब्रिटनमध्ये राहणारे किंवा उन्हाळ्यात तिकडे जाणारे मराठी लोक हायलँड्समध्ये फिरतात, गाडीतून लॉखांचे फोटो काढतात आणि परत येतात. त्यांतल्या कोणाला रॉड हातात घेऊन काठापर्यंत जावंसं वाटलं, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. फ्लाय फिशिंगचा, म्हणजे फ्लाय नावाच्या नकली किड्याने मासा पकडण्याचा, अनुभव नसला तरी चालेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या लॉखांवर मासा लांब फेकणाऱ्याला मिळत नाही, तो चालणाऱ्याला आणि पाणी बघणाऱ्याला मिळतो. महागडा रॉड घेऊन एकाच दगडावर दिवसभर उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. साधा रॉड घेऊन काठाकाठाने सरकत राहिलेला नवशिका बहुधा तसा परतत नाही.

पहिलं पाऊल: हंगाम आणि परवानगी

स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. त्याबाहेर मासेमारी बेकायदा आहे, कारण मासा तेव्हा ओढ्यांत चढून अंडी घालतो. हंगाम मार्चमध्ये उघडत असला तरी डोंगरातलं पाणी तेव्हा बर्फासारखं थंड असतं, किडे नसतात आणि मासा तळाशी सुस्त पडलेला असतो. पहिल्या खेपेसाठी मेचा दुसरा पंधरवडा आणि जून यांच्याइतका चांगला काळ नाही. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे दिवस हाताशी भरपूर असतो. जुलैच्या उन्हात मासा जरा मंदावतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तो पुन्हा वर येऊ लागतो.

इंग्लंड-वेल्समध्ये लागतं तसं सरकारी रॉड लायसन्स स्कॉटलंडमध्ये लागत नाही. अपवाद सीमेवरच्या बॉर्डर एस्क नदीच्या खोऱ्याचा. पण लायसन्स नाही म्हणजे मोकळीक आहे असा अर्थ काढू नका. प्रत्येक लॉखावरचा मासेमारीचा हक्क कोणाचा तरी असतो: इस्टेटीचा, हॉटेलचा, स्थानिक अँगलिंग क्लबचा किंवा गावकऱ्यांच्या ट्रस्टचा. २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडच्या जवळपास सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला, मात्र मासेमारी त्यातून स्पष्टपणे वगळली. काठावर डबा उघडून जेवा, कोणी अडवणार नाही. रॉड जोडायचा तर परमिट हवं.

परमिट गावातल्या दुकानात, पोस्टात, हॉटेलात किंवा क्लबच्या संकेतस्थळावर मिळतं. सामन माशाच्या नदीवरच्या दिवसाच्या भाड्याच्या तुलनेत ट्राउटच्या परमिटला अगदीच थोडे पैसे लागतात. ते घेताना दुकानदाराशी पाच मिनिटं बोला. कोणतं लॉख सध्या चांगलं चाललंय, वाट कुठून आहे, मासे किती ठेवायचे, किती सोडायचे, सगळं तिथेच कळतं. असिंटमध्ये परमिटच्या या पैशांना एक इतिहासही आहे. १९९३ मध्ये तिथल्या क्रॉफ्टरांनी, म्हणजे पिढ्यानपिढ्या छोटे तुकडे कसणाऱ्या कुळांनी, नॉर्थ लॉखिनव्हर इस्टेट स्वतः विकत घेतली. त्या जमिनीवरच्या लॉखांचं परमिट घेतलं की पैसा थेट त्यांच्या ट्रस्टकडे जातो. असा पैसा देताना बरं वाटतं.

रविवारी सामन पकडायला कायद्याने बंदी आहे. ट्राउटला ती नाही, तरी लुइस बेटासारख्या धर्मनिष्ठ भागांत रविवारी कोणी रॉड बाहेर काढत नाही. कायदा काही म्हणो, तिथे गावाचा रिवाज पाळा.

दुसरं पाऊल: नकाशावर लॉख निवडणं

हे काम घरी बसून करायचं, आणि मला ते फार आवडतं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा नकाशा घ्या. असिंटसाठी लँडरेंजर मालिकेतला १५ क्रमांकाचा, आणि पायी फिरायचं म्हणून शक्य असेल तर १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर. फोनवरचा नकाशा सोबत असू द्या, पण कागदाला बॅटरी लागत नाही.

आता लॉखात येऊन मिळणारे ओढे मोजा. ट्राउट अंडी घालतो वाहत्या पाण्यातल्या वाळू-खड्यांत, शरद ऋतूत. ज्या लॉखाला चार-पाच चांगले ओढे मिळतात तिथे पिल्लं भरपूर होतात, खाणं वाटलं जातं आणि मासे लहान पण पुष्कळ राहतात. जिथे एखादाच बारीक ओढा आहे तिथे मासे थोडे, पण अंगाने मोठे असण्याची शक्यता. पहिल्या दिवशी पुष्कळ ओढ्यांचं लॉख निवडा. शिकताना मासा वरचेवर फ्लायला झडप घालायला हवा, नाहीतर काय बरोबर केलं आणि काय चुकलं हे कळायला मार्ग उरत नाही.

मग काठाचा आकार बघा. वाटोळ्या, साध्या काठापेक्षा खाचाखोचा असलेला काठ, बेटं, पाण्यात घुसलेली जमिनीची टोकं, अरुंद गळे असलेलं लॉख चांगलं. समपातळीच्या रेषा काठाला खेटून असतील तर तिथे पाणी लगेच खोल होतं. रेषा दूरदूर असतील तर उथळ. ट्राउटचं बहुतेक खाणं उथळ पाण्यात असतं, कारण तळापर्यंत उजेड पोचतो तिथेच वनस्पती उगवतात आणि वनस्पती असतात तिथेच किडे. पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, चहाच्या रंगाच्या झालेल्या पाण्यात तर उजेड फार खोल जातच नाही. म्हणून मोठ्या लॉखाचा मधला खोल भाग सरळ विसरून जा.

खडकाचाही विचार करा. असिंटचा बराचसा पाया लुइसियन नाइस या पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकाचा आहे. त्यावरचं पाणी आम्लधर्मी आणि पोषणाला कमी. अशा लॉखातला सर्वसाधारण ट्राउट शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो आणि पाव किलोचा मासा ही त्या दिवसाची मोठी कमाई. हा आकडा वाचून नाराज होऊ नका. एवढ्याशा अन्नावर, एवढ्या थंडीत वाढलेला तो मासा हलक्या रॉडवर अशी काही ओढ घेतो की हाताला त्याच्या वजनावर विश्वास बसत नाही. आकाराचाच विचार करणाऱ्याने ब्रिटनच्या विक्रमी जंगली ब्राउन ट्राउटबद्दल ऐकलेलं असतं: २००२ मध्ये लॉख ऑमध्ये मिळालेला ३१ पौंड १२ औंसांचा, म्हणजे १४ किलोंहून जास्त. तो फेरॉक्स जातीचा होता. खोल लॉखांत आर्क्टिक चार नावाचे मासे खाऊन राक्षसी वाढणारा हा ट्राउट बोटीमागे आमिष खोल ओढून पकडतात. तो वेगळा छंद आहे.

शेवटी अंतर. पहिल्या दिवशी रस्त्यापासून एक-दोन किलोमीटरवरचं लॉख पुरे. वाट नसलेल्या हेदर आणि दलदलीतून तासाला दोन किलोमीटर धरा, सह्याद्रीत तुम्ही कितीही वेगाने चालत असलात तरी. शक्यतो अशी रेघ आखा की वाटेत तीन-चार लहान लॉखनं लागतील. एक गप्प असेल तर दुसऱ्यावर जाता येतं.

तिसरं पाऊल: सामान

दहा फुटांचा, सहा नंबर लाइनचा (लाइन म्हणजे फेकायची दोरी, नंबर तिच्या वजनाचा), चार तुकड्यांत सुटणारा रॉड. नऊ फुटांचा पाच नंबरही चालेल, पण इथे वारा जवळजवळ कायम असतो आणि काठावरच्या हेदरवरून लाइन उचलायला लांबी कामी येते. रीळ साधं घ्या. या आकाराच्या माशासाठी त्याचं काम लाइन गुंडाळून ठेवणं इतकंच. लाइन तरंगणारी, पुढे जड असलेली. पहिली दोन वर्षं बुडणाऱ्या लाइनकडे बघूही नका.

लाइनच्या टोकाला लीडर, म्हणजे पातळ पारदर्शक नायलॉन, साधारण दहा-बारा फूट. ताकद पाच-सहा पौंडांची. त्याहून बारीक नायलॉन वाऱ्यात गुंतत राहतं आणि त्याची इथे गरजही नाही. अनुभवी लोक लीडरवर तीन फ्लाय बांधतात: एक टोकाला आणि दोन मध्ये, आखूड फांद्यांवर, ज्यांना ड्रॉपर म्हणतात. तुम्ही पहिल्या दिवशी एकच बांधा. हात बसला की दोन, आणि त्यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर. गाठी दोनच शिका. लीडरला ड्रॉपर काढण्यासाठी वॉटर नॉट, फ्लाय बांधण्यासाठी टक्ड हाफ ब्लड नॉट. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं.

बाकी सामानात लहान जाळी, आकडा, म्हणजे गळ, काढायची चिमटी, नायलॉन कापायची कात्री आणि फ्लायची एक डबी. त्याच यादीत चष्मा आणि टोपी सगळ्यात वर लिहा. वाऱ्याने भरकटलेला आकडा डोळ्यात जाऊ शकतो. पोलराइज्ड चष्मा घेतलात तर डोळेही वाचतात आणि पाण्याखालचे दगडही दिसतात. छातीपर्यंतच्या वेडरची, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाची, गरज नाही, का ते पुढे येईलच.

चौथं पाऊल: फ्लाय

फ्लाय म्हणजे आकड्यावर पिसं, लोकर आणि चमकती तार गुंडाळून केलेला नकली किडा. दुकानात हजारो प्रकार दिसतात आणि नवशिका तिथेच गोंधळतो. डोंगरातला ट्राउट निवडक नसतो. अन्न कमी असल्यामुळे समोरून जाणारी वस्तू खायची की नाही हे त्याला चटकन ठरवावं लागतं. म्हणून आकार, रंगछटा आणि हालचाल या तीन गोष्टी साधल्या की पुरे.

माझ्या मते नवशिक्याच्या डबीत हे असावं: ब्लॅक पेनेल, केट मॅक्लॅरन, बिबियो, सोल्जर पामर, झुलू, इनव्हिक्टा आणि एखादी डंकेल्ड. आकार १० ते १४, यात क्रमांक वाढतो तशी फ्लाय लहान होते. पहिल्या चार फ्लाय प्रत्येकी तीन-तीन घ्या, कारण दगडांत आणि हेदरमध्ये त्या हरवणारच. काळ्या रंगाला इथे तोड नाही. हॉथॉर्न फ्लाय, बारीक मिज, ऑगस्टमध्ये हेदरवरून वाऱ्याने उडून पाण्यात पडणारी काळी, तांबड्या पायांची हेदर फ्लाय, असे बरेचसे किडे काळेच असतात. बिबियो ही या शेवटच्या माशीची उत्तम नक्कल आहे. पाणी पीटने गडद असेल तर काळ्यासोबत किरमिजी किंवा लाल छटा चालते. संध्याकाळी सेज नावाचे पतंगासारखे किडे उडू लागले की तपकिरी इनव्हिक्टा.

पामर प्रकारच्या फ्लायला अंगभर केसाळ पिसं असतात. पाण्याच्या वरच्या थरातून ती ओढली की रेघ उमटते आणि तिने मासा चेकाळतो. दोन फ्लाय बांधाल तेव्हा वरच्या जागी अशी केसाळ फ्लाय ठेवा, टोकाला सडपातळ ब्लॅक पेनेल.

पाचवं पाऊल: फेक

कोकणात गरवायला बसणाऱ्यांची सवय इथे उलटी करावी लागते. तिथे शिशाच्या वजनाने गरी दूर जाते. इथे फ्लायला वजनच नाही, वजन लाइनला आहे. म्हणजे फेकायची ती लाइन, फ्लाय नुसती मागोमाग जाते.

मैदानात सराव करा, आकड्याऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून. सात-आठ मीटर लाइन समोर सरळ पसरा. रॉडचं टोक खाली. मनगट घट्ट ठेवून हात कोपरातून उचला, सावकाश सुरुवात करून वेग वाढवत न्या आणि रॉड कानाजवळून थोडा मागे गेला, घड्याळाच्या काट्यावर सुमारे एक वाजल्याच्या जागी आला, की एकदम थांबा. आता वाट बघा. लाइन मागे उलगडून सरळ व्हायला हवी. मान वळवून बघितलं तरी हरकत नाही. सरळ झाली की तसंच पुढे, आणि दहा वाजल्याच्या जागी पुन्हा थांबा. भिंतीत खिळा ठोकताना हातोडी जशी आपटून जागच्या जागी थांबते, तसा हा थांबा हवा. फेकीतली ताकद त्या थांबण्यातून लाइनमध्ये जाते, खांद्याच्या जोरातून नाही.

लाइन मागे उलगडण्याआधी हात पुढे आला तर चाबकासारखा आवाज होतो आणि फ्लाय तुटून जाते. हा आवाज आला की घाई होते आहे असं समजा.

दहा मीटर फेक जमली की लॉखावर जायला तुम्ही तयार आहात. त्यासोबत रोल कास्ट शिकून घ्या. त्यात लाइन मागे हवेत जात नाही, पाण्यावरूनच गोल फिरून पुढे लोळते. पाठीमागे चढ किंवा झुडपं असली की तीच उपयोगी.

वाऱ्याबद्दल एक नियम कधी मोडू नका. उजव्या हाताने फेकत असाल तर वारा डाव्या खांद्यावरून यायला हवा, म्हणजे आकडा तुमच्यापासून दूर उडतो. वारा उजवीकडून असेल तर काठावर उलट्या दिशेने चाला, नाहीतर रॉड तिरका करून डाव्या खांद्यावरून फेका.

सहावं पाऊल: काठावर

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेकडी ओलांडून लॉख दिसलं की थांबा. उतरण्याआधी पाच मिनिटं वरूनच बघा. वारा कुठून येतोय? लाटा कुठे फुटतात? वाऱ्याच्या आडोशाला गुळगुळीत पाण्याचा पट्टा आणि खडबडीत पाणी यांच्यामधली सीमा कुठे आहे? ओढा कुठे मिळतो? पाण्याचा रंग पिवळसरावरून काळा कुठे होतो, म्हणजे उथळ कुठे संपतं? मासा वर येऊन किडा टिपतो तेव्हा उमटणारी वर्तुळं कुठे दिसतात? उतरल्यावर हे काहीच नीट दिसत नाही.

मग वाकून, हळू, आभाळावर आपली आकृती उमटणार नाही असे काठाकडे या. पहिली फेक पाण्यापासून दोन पावलं मागे उभं राहून करा, आणि तीही लांब नको. वीत-दोन वीत पाण्यात, दगडाच्या अगदी कडेला मासा असतो. नवखे लोक येतात ते थेट गुडघाभर पाण्यात उतरतात आणि लॉखाच्या मध्याकडे फेकू लागतात. ज्या पाण्यात ते उभे असतात तिथलाच मासा त्यांनी पळवून लावलेला असतो. वेडर घरी ठेवा म्हणालो ते याचसाठी. चांगले चामडी बूट किंवा रबरी गमबूट घातले की पाय आपोआप काठावर राहतात.

एका जागेवरून पंख्यासारख्या तीन फेका: एक डावीकडे काठाला समांतर, एक तिरकी, एक समोर. मग दोन-तीन पावलं पुढे. पुन्हा तीन. असं सरकत राहा. भुकेला मासा फ्लाय दिसताक्षणी येतो, त्याच जागी दहाव्या फेकीला येणं क्वचित. एका टोकावर, ओढ्याच्या मुखाशी किंवा बुडालेल्या खडकांच्या रांगेजवळ मात्र थोडा जास्त वेळ द्या. कमळाची पानं किंवा लव्हाळे दिसले तर त्यांच्या कडेकडेने फेका.

फ्लाय पडल्यावर ती कशी ओढायची? डाव्या हाताने लाइन अर्धा-पाऊण फुटाच्या सावकाश ओढींनी घ्या, मधूनमधून क्षणभर थांबा. लाइन आणि रॉड यांच्यात ढिलाई राहू देऊ नका. फ्लाय जवळ आली की रॉड हळूहळू वर उचला, म्हणजे वरची केसाळ फ्लाय पाण्याचा पृष्ठभाग खरवडत येईल. तिथे दोन-तीन सेकंद तशीच थरथरत ठेवा. बरोबर याच क्षणाला मागून पाठलाग करत आलेला ट्राउट झडप घालतो. पुष्कळ जण फेकीची घाई करतात आणि हा क्षण फुकट घालवतात. माझा सल्ला, प्रत्येक फेकीत सगळ्यात जास्त लक्ष शेवटच्या दोन मीटरला द्या.

कोणता काठ चांगला, यावर दोन मतं आहेत. वारा पाठीमागून येतो तो काठ फेकायला सोपा, आणि जमिनीवरचे किडे उडून तिथल्याच पाण्यात पडतात. वारा ज्या काठावर आपटतो तिथे फेकणं अवघड, पण वाहत आलेलं सगळं अन्न तिथे साचतं आणि मासा अगदी पायाशी येतो. सुरुवात पहिल्या काठावर करा. दुपारनंतर हात मोकळा झाला की दुसऱ्या काठावर जाऊन आखूड, तिरक्या फेका टाकून बघा.

हवामानात ढगाळ आभाळ, नैर्ऋत्येचा उबदार वारा आणि बोटभर उंचीच्या लाटा यांच्यासारखं दुसरं काही नाही. लखलखीत ऊन आणि आरशासारखं पाणी असेल तर दुपारी झोप काढा आणि संध्याकाळी सातनंतर या. थंड पूर्वेचा वारा असेल तर मासा रुसलेला असतो, तेव्हा फ्लाय थोडी बुडू द्या आणि आणखी सावकाश ओढा.

सातवं पाऊल: मासा लागल्यावर

झडप दिसली किंवा हाताला टकटक जाणवली की रॉड न झटकता ठामपणे उचला, एवढंच. लहान ट्राउट विजेसारखा येतो आणि तितक्याच वेगाने फ्लाय थुंकतो, म्हणून बऱ्याचदा चुकेल, सगळ्यांचं चुकतं. लागला तर रॉड उंच ठेवा, तो पळू लागला की लाइन बोटांमधून जाऊ द्या, थांबला की आत घ्या. जाळी आधी पाण्यात बुडवा आणि मासा तिच्यावर आणा, जाळी माशामागे पळवू नका.

सोडायचा असेल तर आकड्यावरचा काटा घरूनच चिमटीने दाबून सपाट करून आणा. हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. मासा पाण्यातच धरून आकडा उलटा ढकलून काढा. त्याला वाऱ्याकडे तोंड करून अलगद आधार द्या, तो आपण होऊन निघून जाईल.

खायला ठेवायचा असेल तर परमिटवरच्या मर्यादेत ठेवा आणि क्षणाचाही विलंब न लावता डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक पक्का घाव घालून मारा. गवतावर तडफडत ठेवणं हा क्रूरपणा आहे. लहान माशांची गर्दी असलेल्या लॉखातून दोन-चार मासे नेल्याने नुकसान होत नाही. मासे थोडे आणि मोठे असलेल्या लॉखातून मात्र काहीच नेऊ नका. ओटमीलमध्ये घोळवून लोण्यात तळणं ही इथली रीत. हळद, तिखट, मीठ आणि रवा लावलात तरी त्या गुलाबी मांसाची चव झाकली जात नाही.

डोंगर सांभाळून

या भागांत फोनला रेंज असेलच असं नाही. कुठल्या लॉखावर जाताय आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवा. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, जादा लोकरी कपडा, पूर्ण जलरोधक कोट-पँट, हेडटॉर्च आणि खाणं ही यादी जूनमध्येही कमी करायची नाही. धुकं अर्ध्या तासात उतरतं आणि सगळी लॉखनं सारखीच दिसू लागतात. अडचणीत ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. ९९९ ला एसएमएसही करता येतो, पण नंबर आधी नोंदवावा लागतो. ‘register’ हा शब्द त्याच क्रमांकाला पाठवला की नोंदणी सुरू होते. शिट्टीची खूण मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट शांतता. चमकदार हिरव्या शेवाळावर पाय देऊ नका, त्याखाली कमरेएवढा चिखल असू शकतो.

मे ते सप्टेंबर मिज नावाच्या चिलटांचा काळ. वारा पडला की ढगांसारखी येतात. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला की दिसेनाशी होतात, त्यामुळे वाऱ्याला शिव्या देण्याआधी हे आठवा. डोक्यावरची जाळी अगदी हलकी असते, खिशात ठेवाच. गोचिडी त्याहून गंभीर, कारण त्यांच्यातून लाइम रोग होतो. संध्याकाळी गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, काखा तपासा, चिकटलेली गोचीड तिच्यासाठीच्या हुकाने काढा, आणि पुढच्या दिवसांत चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरांकडे जा.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, निघण्यापूर्वी इस्टेटीला विचारून घ्या. बेटांवर आणि काठांवर डायव्हर पक्षी घरटी करतात. काळ्या आणि लाल गळ्याच्या या पक्ष्यांना कायद्याचं खास संरक्षण आहे. पक्षी अस्वस्थ होऊन पाण्यात फेऱ्या मारताना दिसला तर तो काठ सोडून द्या. कापलेल्या नायलॉनचा तुकडा खिशात घाला. दुसऱ्या नदीतून, विशेषतः परदेशातून आणलेलं सामान धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय इथल्या पाण्यात घालू नका. परक्या परजीवीने असं एकाकी लॉख एका खेपेत उद्ध्वस्त होऊ शकतं.

बोट आणि पुढचा प्रवास

हॉटेलं आणि क्लब मोठ्या लॉखांवर बोटी देतात. बोट वाऱ्याला आडवी ठेवून वाहू द्यायची आणि वाऱ्याच्या दिशेने आखूड फेका टाकायच्या, ही लॉख-स्टाइल. लाइफजॅकेट घाला, उभे राहू नका आणि पहिल्यांदा जाणकाराशिवाय जाऊ नका.

भारतातूनच सुरुवात करायची असेल तर मार्ग आहे. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून ब्राउन ट्राउट रुजला आणि तिथून पुढे हिमाचलात पोचला. लिद्दर किंवा तीर्थन नदीवर मत्स्य विभागाचं परमिट काढून फेकीचा सराव करता येतो. ती वाहती पाणी आहेत, त्यामुळे पाणी वाचण्याची रीत बदलते, पण हात तयार होतो.

असिंटमध्ये एक हंगाम काढल्यावर उत्तरेला डरनेसला जा. तिथे चुनखडीचा खडक आहे आणि कॅलाडेल, बोराली, क्रोइस्पोल, लानलिश ही चार लॉखं त्यावर वसली आहेत. पाणी काचेसारखं, तळाशी गोगलगायी आणि गॅमॅरस झिंगे विपुल, म्हणून मासा असिंटच्या कितीतरी पट मोठा, आणि तितकाच सावध. दिवसभरात एकही झडप न मिळणं तिथे नेहमीचं. ऑर्कनीचं लॉख ऑफ हॅरे आणि साउथ युइस्टची किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूवरची मॅखर लॉखं ही त्याच तोलाची. तिथे लीडर आणखी लांब करा, फ्लाय १४ आकाराहून लहान घ्या, ढगाळ दिवसाची किंवा सांजवेळेची वाट बघा, आणि काठापासून चार पावलं मागे गुडघ्यावर बसून पहिली फेक टाका.